गादीचं ऑपरेशन ठरलंय, मधल्या तीन आठवड्यांत काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या एका ताई, वय ४४, घरी शिवणकाम करतात. पाच महिने उजव्या पायात कमरेपासून टाचेपर्यंत कळ येते. एमआरआयमध्ये एल५-एस१ची, म्हणजे कमरेच्या अगदी तळाच्या जागेची गादी सरकून नस दबलेली दिसली. गोळ्या, ट्रॅक्शन, मणक्यातलं एक इंजेक्शन, सगळं करून झालं. आता मायक्रोडिस्केक्टमीची, म्हणजे गादीचा सरकलेला तुकडा काढायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, तीन आठवड्यांनंतरची. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. त्या विचारतात: तोवर कंबर मजबूत करायला कोणते व्यायाम करू? मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो असं शेजारी म्हणतात, ते खरं का? आणि मशीनवर परत कधी बसता येईल?

ताई, मी सर्जन नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याच्या पेशंटना ऑपरेशनच्या आधी शिकवणं आणि नंतर चालतं करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे आत नेमकं काय करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते ऑपरेशनच्या अलीकडचं आणि पलीकडचं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तीन आठवड्यांत कंबर मजबूत होत नाही. स्नायूंमध्ये खरी ताकद यायला दोन-तीन महिने लागतात, तेही नीट व्यायाम करता येत असेल तर. तुमची नस सध्या सुजलेली आहे. त्यावर जोर काढायला गेलात तर कळ वाढेल, झोप जाईल आणि ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही आजच्यापेक्षा थकलेल्या असाल. व्यायाम सांगते, पण थोडे आणि पुढे. माझ्या पाहण्यात ऑपरेशननंतर जे लोक अडतात ते कमकुवत कमरेमुळे फारसे अडत नाहीत. घरी कमोड नाही, एका गोळीची कल्पना भूलतज्ज्ञांना दिलेली नव्हती, किंवा पायातला बधिरपणा शुद्धीवर येताच जाईल अशी समजूत होती, अशा गोष्टींनी अडतात. तयारी करायची ती इथे.

अपेक्षेपासून सुरुवात करू. मायक्रोडिस्केक्टमीत पूर्ण गादी काढत नाहीत. बाहेर आलेला आणि नसेवर दाबणारा तुकडा तेवढा काढतात. म्हणून या ऑपरेशनचा खरा फायदा पायाच्या दुखण्याला होतो. पुष्कळ जणांची पायातली कळ त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत उतरते. कंबरदुखीचं तसं नाही. झिजलेली गादी जिथे होती तिथेच राहते, त्यामुळे कंबर कमी दुखेल, तेवढीच दुखेल किंवा काही दिवस टाक्यांमुळे जास्तही दुखेल. बधिरपणा आणि मुंग्या सगळ्यात शेवटी जातात. दबलेली नस फार हळू सावरते, त्याला आठवडे नाही, महिने लागतात, आणि कधी कधी तळपायाच्या कडेला थोडा बधिरपणा कायमचा राहतो. तुमचं मुख्य दुखणं पायात आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हे ऑपरेशन ज्यासाठी करतात तेच तुम्हाला झालेलं दिसतंय. दुखणं फक्त कमरेत असतं तर मी तुम्हाला आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला सांगितलं असतं.

निर्णय पक्का आहे ना, हेही एकदा तपासून घ्या. गादी सरकलेल्या बहुतेक लोकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात कळ येणाऱ्या पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं ऑपरेशन लवकर केलं, दुसऱ्या गटाला थांबवलं आणि सहन झालं नाही तरच ऑपरेशन केलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय लवकर मोकळा झाला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी शंभरातल्या सुमारे चाळीस जणांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, हेही त्यातच आहे. तुमचे पाच महिने होऊन गेलेत, इंजेक्शनही झालंय, म्हणजे घाई केली असं कोणी म्हणणार नाही. पण मधल्या काळात कळ स्वतःहून कमी व्हायला लागली, झोप लागायला लागली, चालण्याचं अंतर वाढलं, तर तारीख घेतली आहे म्हणून गप्प बसू नका. सर्जनना फोन करून सांगा. तारीख पुढे ढकलता येते.

उलट बाजूही आहे. काही लक्षणं आली तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलला जायचं: लघवी अडकणं किंवा झालेली न कळणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिर वाटणं, दोन्ही पायांत कमजोरी येणं. रात्र असली तरी निघा. यात उशीर झाला तर लघवीचा ताबा परत येईलच असं नाही. पायाची ताकद रोज सकाळी स्वतः तपासा. भिंतीला हात टेकवून आधी दोन्ही चवड्यांवर, मग एकट्या उजव्या चवड्यावर टाच उचलून बघा. या जागेची गादी सहसा एस१ नावाची नस दाबते. ती नस पोटरीला जाते, ती दमली की पहिल्यांदा हेच जमेनासं होतं. काल दहा वेळा टाच उचलली जात होती आणि आज दोन वेळाही उचलत नसेल, तर तो निरोप डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी गेला पाहिजे.

आता शेजाऱ्यांच्या भीतीबद्दल. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून खाली येणारी मुख्य दोरी. मोठ्या माणसात ती पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्यापाशी, म्हणजे बरगड्यांच्या थोडं खाली, संपते. त्याखाली सुट्या नसा असतात. तुमचं ऑपरेशन अगदी तळाच्या जागी आहे, दोरी तिथवर येतच नाही. त्यामुळे 'दोन्ही पाय गेले, अंथरुणाला खिळले' हा प्रकार या ऑपरेशनमध्ये फार म्हणजे फार दुर्मीळ. पूर्वीच्या गोष्टी लोक सांगतात त्या बऱ्याचदा मणक्याचा टीबी, अपघात किंवा गाठ असलेल्या पेशंटच्या असतात. सगळ्याला 'मणक्याचं ऑपरेशन' हेच नाव. जोखीम शून्य आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो, नसांवरचं पातळ आवरण फाटून पाणी झिरपू शकतं, नसेला इजा होऊ शकते. आणि शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना त्याच जागी पुन्हा तुकडा बाहेर येतो. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी हे चारही मुद्दे डॉक्टरांना विचारा, त्यांचा स्वतःचा अनुभव काय आहे तेही विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांना रागवत नाही.

त्याच भेटीत आणखी एक विचारा. पहिल्यांदाच सरकलेल्या साध्या गादीसाठी कोणी स्क्रू आणि रॉड घालायचं सुचवत असेल, तर का, ते नीट समजून घ्या. मणका पुढे-मागे सरकत असेल किंवा दुसरं ठोस कारण असेल तर स्क्रू लागतात. कारण पटलं नाही तर दुसरं मत घ्या. दुर्बिणीतून करायचं की मायक्रोस्कोपने, यावर मात्र डोकं फार शिणवू नका. दोन्हींचे निकाल बरेच सारखे आहेत. सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलेला आहे ती पद्धत चांगली.

रिपोर्टमध्ये एल५-एस१शिवाय आणखी दोन ठिकाणी 'बल्ज' लिहिलाय म्हणून तुम्ही घाबरलाय. काहीच त्रास नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला होता. त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या गाद्या अशा फुगलेल्या निघाल्या. ती माणसं हिंडत-फिरत होती. डॉक्टर ऑपरेशन कागदाचं करत नाहीत, लक्षणांशी जुळणाऱ्या जागेचं करतात. फिल्म आणि सीडी मात्र सोबत न्या, नुसता टाइप केलेला रिपोर्ट पुरत नाही.

गोळ्यांवर मी जरा थांबणार आहे, कारण तारीख रद्द होण्याचं मोठं कारण तेच असतं. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा आणि भूलतज्ज्ञांच्या तपासणीला ती पिशवीच घेऊन जा. 'शुगरची पांढरी गोळी' सांगून भागत नाही. मधुमेहाच्या औषधांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असा एक गट आहे. आता ती स्वस्त झाल्याने आपल्याकडे खूप दिली जातात, आणि बऱ्याचदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतात, म्हणून पट्टीवर बारीक अक्षरात वाचावं लागतं. ही साधारण तीन दिवस आधी बंद करतात. नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल साठतं, आणि फसवं म्हणजे त्या वेळी साखर फार वाढलेली दिसतही नाही. बंद कधी करायची आणि त्याऐवजी काय घ्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त ती गोळी त्यांच्या नजरेला आणा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी आजच करून घ्या. साधारण आठच्या आत असावी असं बहुतेक सर्जन धरतात, कारण वाढलेल्या साखरेत जखम चिघळते. नऊ-दहा निघाली तर तीन आठवड्यांत ती तपासणी फारशी हलणार नाही, पण रोजची साखर नक्की आटोक्यात आणता येते. म्हणून हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने ही गोळी अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं. हे मी तुमच्याबरोबर वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहितेय. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारा. प्रीगाबालिन ही नसेच्या दुखण्याची गोळी चालू असेल तर एकदम तोडू नका. थायरॉइडची गोळी सहसा ऑपरेशनच्या सकाळीही देतात, रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही देतात, काही थांबवतात.

आणि एक गोष्ट जी कोणी आपणहून सांगत नाही. पाच महिने पाय दुखत असलेला माणूस कुठे कुठे जाऊन येतो हे मला ठाऊक आहे. गावातला जाणकार, पुडीतलं औषध, कोणाच्या तरी ओळखीचा काढा. काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणूनच दोन दिवसांत 'जादू' होते. असं औषध महिनाभर घेतलं असेल तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, आणि भुलेखाली रक्तदाब अचानक कोसळू शकतो. भूलतज्ज्ञ तुम्हाला बोलणार नाहीत, फक्त सांगा. पाळीच्या तारखेचंही तसंच. पाळी आली म्हणून हे ऑपरेशन अडत नाही. ती पुढे ढकलायच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, घेतल्या असतील तर सांगा.

तंबाखू. तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण मशेरीही यातच येते, म्हणून विचारते. दात घासायला मशेरी लावणाऱ्या कितीतरी जणी 'व्यसन काही नाही' असं लिहून देतात. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम आणि गादी दोन्ही सावकाश भरतात. चार आठवडे आधी सोडली तर उत्तम, पण आज सोडली तरी उपयोग आहेच. गुटखा-सुपारी बरीच वर्षं खाल्ली असेल आणि तोंड पूर्ण उघडत नसेल, तीन बोटं उभी मावत नसतील, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. घशात नळी घालताना त्यांना वेगळी तयारी लागते. हलणारा दात, कवळी हेही सांगायचं.

पाठीच्या कातडीची काळजी घ्या. गरम पाण्याची पिशवी ठेवून झोप लागली आणि कमरेवर फोड आला, की ऑपरेशन पुढे जातं. तुमच्या मधुमेहामुळे चटका कळतही नाही कधी कधी. शेक घ्यायचा तर टॉवेल मध्ये ठेवून, दहा-पंधरा मिनिटं, जागेपणी. लेप, डाग देणं, मणका 'बसवून' घेणं आता पूर्ण बंद. त्या जागेचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक चिरांमधून जंतू शिरतात. गरज असेल तर हॉस्पिटलमध्ये मशीनने काढतात. दाढ ठणकत असेल, लघवीला जळजळ असेल, कुठे गळू असेल तर आताच उपचार करून घ्या.

आता व्यायाम, जे तुम्ही मुळात विचारले होते. चालणं सर्वांत महत्त्वाचं. कळ वाढायच्या आत थांबायचं, मग ते पाचच मिनिटं का असेना, पण दिवसातून चार-पाच वेळा. पाठीवर झोपून घोटे वर-खाली हलवणं, मांडीचे आणि बसायच्या जागेचे स्नायू आवळून सोडणं, पोट हलकंसं आत घेऊन श्वास चालू ठेवणं. उंच खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, जमेल तितकं. झालं. पुढे वाकून पायाचे अंगठे धरणं, सिटअप, सूर्यनमस्कार, आणि दोरीने पाय वर ताणणं हे सध्या नको. पाय मागून ताठ वाटतो म्हणून लोक शीर मोकळी करायला ताणत बसतात. तो ताठपणा स्नायूचा नसतो, नस ओढली जात असते, ताणलं की ती आणखी चिडते.

ताकदीपेक्षा सवय मोलाची. बिछान्यातून उठायची पद्धत आजपासून रोज करा. गुडघे दुमडा, खांदा-कंबर-गुडघे एकाच वेळी वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी हाताने रेटून बसत्या व्हा. झोपताना हेच उलट क्रमाने. ऑपरेशनच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आम्ही पेशंटला उठवतो तेव्हा भुलेचा अंमल असतो, टाके ओढतात, भीती असते. त्या वेळी नवीन काही शिकता येत नाही. आधी घोटून ठेवलेलं मात्र शरीर आपोआप करतं. खाली पडलेली वस्तू उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून बसायचं, चप्पल घालताना पाय वर घ्यायचा, शिंक येणार वाटली की एक हात ओट्याला टेकवायचा, हेही आजपासून. उपडं झोपायचं आहे ते डॉक्टरांच्या टेबलावर भुलेत, त्याची चिंता तुम्ही करू नका.

इथवर डॉक्टरांकडची तयारी झाली: लक्षणांवर नजर, गोळ्यांची पिशवी, साखर, कातडी, थोडं चालणं. पुढचं सगळं घरातलं आहे आणि तिथेच खरा गोंधळ होतो.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर आजच मार्ग काढा. पहिले काही आठवडे उकिडवं बसणं नको. मेडिकल दुकानात भोक असलेली कमोड खुर्ची मिळते, ती खालच्या भांड्यावर बसवता येते, मोठ्या गावांत भाड्यानेही मिळते. घरी आणून एकदा बसून बघा, कारण काही संडासांची दारं इतकी अरुंद असतात की खुर्ची आत जातच नाही. हे ऑपरेशननंतर कळून उपयोग नाही. वेदनेच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ट्रॅमाडॉलने, शौचाला घट्ट होतं आणि कुंथताना कमरेत कळ जाते. इसबगोल, पपई, भरपूर पाणी हे दोन दिवस आधीपासूनच सुरू करा. मोरीत बसून अंघोळ नको, उंच स्टूल ठेवा, बादली आणि तांब्या स्टुलावर. ओल्या फरशीवर पाय घसरणं ही मला सगळ्यात मोठी धास्ती वाटते, रबरी मॅट घाला.

झोपायला पलंग हवा, गुडघ्याएवढा उंच. जमिनीवरची गादी काही आठवडे गुंडाळून ठेवा. 'कडक फळीवर झोपा' हा सल्ला घरोघरी मिळतो, पण नुसत्या फळीची गरज नाही, घट्ट गादी पुरते. देवपूजा, भाजी निवडणं, जेवण, जे जे जमिनीवर बसून होतं ते टेबलावर किंवा ओट्यावर आणा. रोजची भांडी, पिठाचा डबा, तेलाचा कॅन हे सगळं कंबर ते खांदा या उंचीत आणून ठेवा, खालच्या कप्प्यात काही नको.

वजनाचा नियम प्रत्येक सर्जनचा वेगळा. कोणी पहिले काही आठवडे दोन किलो म्हणतं, कोणी चार. अलीकडे काही सर्जन फार बंधनं घालतही नाहीत. तुमच्या डॉक्टरांचं ऐका, पण घरात कशाचं किती वजन असतं याची कल्पना असू द्या. भरलेली बादली पंधरा किलोच्या आसपास जाते, भरलेला गॅस सिलिंडर तर तीस किलोच्या. पाच लिटरचा कुकर भात-डाळीने भरला की तोही त्या मर्यादेबाहेर जातो. ओल्या कपड्यांचा पिळा, भावाचं लहान मूल, दळणाची पिशवी, हे सगळं दुसऱ्याने उचलायचं.

इथे मी जरा स्पष्ट बोलते. पुरुष पेशंट घरी गेला की त्याला पाणी हातात मिळतं. बाईचं ऑपरेशन झालं की पाहुणे बघायला येतात आणि चहा तिलाच टाकावा लागतो. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता ऑपरेशनआधीच्या भेटीत मी नवऱ्याला किंवा मुलालाही बोलावते. केर-फरशी, कपडे, पाणी भरणं ही कामं महिना-दीड महिना कोणाकडे, हे नावानिशी ठरवा. पोळ्या विकत घेता येतात. 'बघू, जमेल तसं करू' याचा अर्थ तुम्ही करणार असा होतो. सगळ्यांना एकत्र बसवून डॉक्टरांचा सल्ल्याचा कागद मोठ्याने वाचून दाखवला तरी बराच फरक पडतो.

पैशांचं थोडक्यात. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी आधी वाचा. गादी सरकण्याच्या आजाराला अनेक पॉलिसींमध्ये पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. कॅशलेसची मंजुरी आधी मागवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर त्या हॉस्पिटलमध्ये नेमकं हे ऑपरेशन योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्रांना रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारा. हॉस्पिटल योजनेत असलं तरी प्रत्येक ऑपरेशन तिथे योजनेत असतंच असं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री हलकं जेवण. साधारणपणे भुलेआधी सहा तास काही खायचं नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुम्हाला जी वेळ लिहून दिली असेल तीच पाळा. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो जेवणातच धरतात. पहाटे 'अर्धाच कप' घेतल्याने नंबर संध्याकाळवर गेलेले पेशंट मी पाहिलेत. नेलपॉलिश काढा, अंगठी, बांगड्या, जोडवी, नथ घरी ठेवा. घट्ट बसलेली अंगठी साबणाने आदल्या दिवशीच सोडवा. मंगळसूत्र काढण्याला घरात विरोध असेल तर आधीच बोलून घ्या. ऑपरेशनमध्ये विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करतात, अंगावरचा धातू तिथे नको. सोबत न्यायला मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल आणि पुढून बटणाचा गाऊन घ्या. कमरेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला तरच. बऱ्याच जणांना तो लागत नाही, आणि महिनोन्‌महिने वापरला तर सवय लागते.

घरी आल्यावर फोन कधी करायचा, तेही भिंतीवर लिहून लावा: ताप, जखमेतून पू किंवा पाणी, उभं राहिलं की डोकं फुटेल असं दुखणं, एका पोटरीला सूज, पायात नवी कमजोरी, आणि आधी सांगितलेल्या लघवी-शौचाच्या तक्रारी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पायात थोडी कळ परत डोकावते, ती बहुतेक वेळा नसेच्या सुजेची असते. पहिल्यासारखी जोरात आली आणि टिकली तर मात्र दाखवा.

राहिलं मशीन. बैठं काम करणाऱ्यांना साधारण दोन ते सहा आठवड्यांत हळूहळू परतता येतं. तुमचं काम नुसतं बैठं नाही. तुम्ही पुढे झुकता आणि उजव्या पायाने पायडल मारता, तोच पाय दुखरा आहे आणि तीच पोटरी. म्हणून मी तुम्हाला सहा आठवडे धरायला सांगेन, आणि सुरुवात वीस-वीस मिनिटांनी. मधल्या तीन आठवड्यांत मशीनला मोटर बसवून घ्या, पायडल डाव्या पायाखाली घेता येईल असं ठेवा. खुर्चीला पाठ हवी आणि उंची इतकी की कापड बघायला मान-कंबर वाकवावी लागू नये. कटिंग जमिनीवर करत असाल तर ते कायमचं टेबलावर न्या. फॉल-पिकोची कामं मांडीवर घेऊन, तासन्‌तास खाली मान घालून होतात, ती सध्या दुसऱ्या कोणाला तरी द्या. आणि हातात असलेल्या ऑर्डरी पुऱ्या करायला शेवटच्या आठवड्यात रात्री जागू नका. कोणाचे ब्लाउज राहणार असतील तर त्यांना आजच फोन करून सांगा.